बीटा पेशी पाहतात कशा, मोजतात कशा? गावी गेले की हमखास विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर काम करते. दिवाळीत घरी गेले की ओसरीवर बसल्या बसल्या प्रश्न सुरू होतात. तालुक्याच्या कॉलेजातली बीएस्सीची पोरं फोनवर वेगळेच विचारतात. दरवर्षी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते आहे. शुगरची कोणती गोळी घ्यावी हे इथं सापडणार नाही, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

"तू तिथं नेमकं काय करून राहिली वं?"

हा मोठ्या मायचा प्रश्न, आणि सगळ्यात अवघडही तोच.

जठराच्या मागे वीतभराहून थोडं कमी लांबीचं स्वादुपिंड असतं. त्याचा बहुतेक भाग पचनाचे रस बनवण्यात गुंतलेला. त्या रसाच्या पेशींमध्ये मधूनमधून वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसतात. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं सशाच्या स्वादुपिंडात ते पहिल्यांदा नोंदवले. ते काय करतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि प्रबंधात त्यानं तसं प्रामाणिकपणे लिहिलंही. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. माणसात अशी साधारण दहा लाख बेटं असतात, पण सगळी एकत्र केली तरी ग्रंथीच्या एक-दोन टक्केच भरतात. त्या बेटांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन बनवतात.

मोठ्या मायला मी सांगितलं, बीटा पेशी म्हणजे कालव्यावरचा पाटकरी. वावराला पाणी लागलं की दार उघडायचं, भिजलं की बंद करायचं. रात्रभर दार उघडं टाकून झोपणारा पाटकरी पाणी पुष्कळ सोडतो, पण कामाचा नाही. तो दार कधी उघडतो आणि कधी बंद ठेवतो, हे तपासणं माझं काम. ती म्हणाली, "मंग तू पाटकऱ्याचीच हजेरी घेतं म्हण नं." हो, तेच.

स्वादुपिंडातून ही बेटं वेगळी कशी काढता?

उंदराचं स्वादुपिंड माणसासारखं घट्ट नसतं, आतड्याच्या पडद्यात जाळीसारखं पसरलेलं असतं. त्यामुळे ते नुसतं कापून उपयोग नाही. पित्तनळी आतड्याला मिळते तिथं चिमटा लावतात आणि बारीक सुईनं त्या नळीत कोलाजिनेज नावाचं विकर सोडतात. पेशींना धरून ठेवणारे धागे ते कुरतडतं. तीनेक मिलिलिटर आत गेलं की जाळी फुगून पारदर्शक होते. नीट फुगली तर दिवस चांगला जाणार. एका बाजूलाच फुगली तर हात हलला, असं समजायचं.

मग ग्रंथी काढून ३७ अंशांच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवायची. या पंधरा मिनिटांत कुणी माझ्याशी बोलत नाही. वेळ कमी पडली तर बेटांना रसाच्या पेशी चिकटून राहतात, दोन मिनिटं जास्त झाली तर बेटांच्याच कडा झिजतात. शिवाय कोलाजिनेज जिवाणूंपासून बनतं, त्यामुळे प्रत्येक घाणा वेगळा निघतो. नवी बाटली उघडली की आधी एकाच उंदरावर चाचणी, आणि घाण्याचा क्रमांक झाकणावर पेननं ठळक.

ही रीत १९६५ साली मॉस्कालेव्स्कीनं गिनीपिगवर दाखवली. १९६७ मध्ये लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी ती रॅटसाठी बसवली. आज जगभर जे चालतं ते त्यावरच उभं आहे.

त्यानंतर गाळण. भंडारा-गोंदियाकडचे धानवाले पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणे वर तरंगतात आणि ते फेकून देतात. आमच्याकडे मीठ नाही, फायकॉलसारखं दाट द्रावण असतं, आणि गंमत अशी की आम्हाला तरंगणारेच हवे असतात. रसाच्या पेशी जड म्हणून तळाला बसतात आणि बेटं दोन थरांच्या सीमेवर अडकतात.

तरीही शेवटी हात लागतोच. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर बेटं पांढुरकी, गोल, गुळगुळीत दिसतात. रसाचा चुरा करडा आणि ओबडधोबड. बेट सरासरी १५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सातवा भाग, खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. पिपेटनं एकेक उचलायचं. एका उंदरातून दीडशे ते तीनशे मिळाली तर मी खूश. शंका असेल तर डायथायझोन टाकायचं. बीटा पेशी इन्सुलिन जस्ताबरोबर साठवतात, आणि जस्त मिळालं की हा रंग कुंकवासारखा लाल होतो. बेटं लाल, बाकी चुरा फिकाच.

ताबडतोब प्रयोग मात्र करत नाहीत. एवढी ओढाताण झालेल्या पेशींना रात्रभर पोषक द्रवात निवांत ठेवावं लागतं. त्या द्रवात, आरपीएमआयमध्ये, दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. आपल्यापैकी कुणाचा असा रिपोर्ट आला तर घरात रडारड होईल, पण उंदराची बेटं त्यात सुखानं राहतात.

मग माणसाच्या पेशीच का नाही घेत?

घेतात, पण त्या बहुतेक वेळा मेंदूमृत दात्याच्या अवयवदानातूनच मिळतात. नागपुरातही विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. स्वादुपिंड दान झालं तर त्यावर पहिला हक्क रुग्णाचा, संशोधनाचा नाही, आणि तेच बरोबर आहे.

जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं असतं. नॉर्वेत नव्यानं टाइप-१ मधुमेह (यात शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारतं) झालेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाचे तुकडे शस्त्रक्रियेनं घेतले होते. त्यातून गंभीर गुंतागुंती झाल्या आणि तो अभ्यास तिथंच थांबवावा लागला. त्या सहा जणांनी दिलेल्या नमुन्यांतून आजही शिकणं चालू आहे.

उंदराचं आणि माणसाचं बेट सारखं नसतं, हेही इथंच सांगते. उंदराच्या बेटात मधोमध बीटा पेशी आणि कडेनं अल्फा या दुसऱ्या जातीच्या पेशींचं कुंपण. माणसात दोन्ही मिसळलेल्या, आणि बीटा पेशी निम्म्याहून थोड्याच जास्त. म्हणून "उंदरात जमलं" या बातमीवर लगेच पेढे वाटू नका.

पेशी चांगली की वाईट, हे कळतं कसं?

पाटकऱ्याची हजेरी ती हीच.

एका नळीत सारख्या आकाराची पाच ते दहा बेटं घ्यायची. आधी कमी साखरेच्या द्रावणात तासभर. कमी म्हणजे २.८ मिलिमोल, आपल्या रिपोर्टच्या भाषेत ५० मिलिग्रॅम. तो द्रव काढून पहिल्या नळीत ठेवायचा. मग १६.७ मिलिमोल, म्हणजे ३०० मिलिग्रॅमचं द्रावण घालून आणखी एक तास. तो द्रव दुसऱ्या नळीत काढायचा. दोन्हींत किती इन्सुलिन उतरलं ते मोजायचं आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. शेवटी बेटं आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये विरघळवून आत किती साठा होता तेही मोजतात. नाहीतर मोठं बेट आणि कामसू बेट यांतला फरकच कळत नाही.

लोकांचं लक्ष दुसऱ्या नळीकडे असतं. माझं पहिल्या नळीकडे. साखर ५० असताना पेशी गप्प बसली पाहिजे. तिथंच इन्सुलिन गळत असेल तर पेशी जखमी आहे, किंवा कच्ची आहे, किंवा मी तरी काही चुकले आहे. दुसऱ्या नळीतला आकडा मग कितीही मोठा असो, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

इन्सुलिन इतकं थोडं असतं की साध्या रसायनानं दिसत नाही. ते प्रतिपिंडानं, म्हणजे नेमकं इन्सुलिनलाच चिकटणाऱ्या प्रथिनानं, पकडावं लागतं. रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीन वापरून ही मोजणी बसवली. बर्सन १९७२ मध्ये गेले, आणि यॅलोंना १९७७ चं नोबेल मिळालं. आता बहुतेक ठिकाणी एलायझा वापरतात. ९६ खळग्यांची प्लेट असते, शेवटच्या टप्प्यात इन्सुलिन असेल तिथं निळा रंग चढतो, आणि आम्लाचा थेंब पडला की निळ्याचा हळदीसारखा पिवळा होतो. तो पिवळेपणा यंत्र मोजतं. इतक्या वर्षांनीही ते वळण बघायला मी प्लेटवर वाकतेच.

तास-तास थांबण्याऐवजी बेटांवरून द्रव सतत वाहता ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते. साखर वाढताच पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक झटका येतो, मग ते थोडं उतरून संथपणे चालू राहतं. टाइप-२ मध्ये, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होते त्या शुगरमध्ये, हा पहिला झटका आजाराच्या फार सुरुवातीलाच हरवतो. नळीतल्या तासाभराच्या बेरजेत तो दिसतच नाही, म्हणून वाहत्या द्रवाची ही रीत मला जास्त आवडते. यंत्र महाग, हा एकच दोष.

"आमच्याकडचा पाला आण नं तुझ्या पेशीवर टाकून पाह्य!"

एका काकाजींनी मला कागदात बांधून गुडमारचा वाळलेला पाला दिला होता. मधुनाशिनी म्हणतात तीच. पान चघळलं की थोडा वेळ गुळाची गोडीच लागत नाही, हे खरं. पण त्यापुढची गोष्ट सावकाश ऐका.

लंडनमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये गुडमारचा अर्क बीटा पेशींवर आणि बेटांवर तपासला. इन्सुलिन वाढलं! बातमी इथंच संपली असती. पण त्यांनी पुढे पाहिलं तर त्या अर्कानं पेशींचं आवरणच झिरपतं केलं होतं, आणि इन्सुलिन त्या वाटेनं बाहेर येत होतं. म्हणजे पाटकऱ्यानं दार उघडलं नव्हतं, कालव्याचा काठ फुटला होता.

वनस्पतींच्या अर्कात साबणासारखी द्रव्यं पुष्कळ असतात. म्हणून कारलं असो, जांभळाची बी असो की कुणाची "साखर बुटी", माझे प्रश्न ठरलेले. कमी साखरेत इन्सुलिन गप्प राहिलं का? अर्क धुऊन काढल्यावर पेशी पुन्हा पूर्वीसारखी वागली का? पेशीच्या आतलं दुसरं काही बाहेर सांडलं का? पेशी जिवंत आहेत हे एमटीटी या रंगचाचणीनं ठरवलं असेल तर आणखी सावध. पाल्यातली काही द्रव्यं पेशी नसतानाही तो रंग आणतात, मग मेलेल्या पेशीही कागदावर जिवंत ठरतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पांत ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता मी पेशींविना फक्त अर्काच्या खळग्याचा आकडा आधी मागते.

काकाजींचा पाला माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. त्यात शुद्ध गुडमारच आहे का, हेच ठरवायचं राहिलं आहे.

उंदीर न मारता काम होत नाही का?

बरंचसं होतं. त्यासाठी पेशींच्या वंशावळी आहेत, बाटलीत वाढत राहणाऱ्या. रॅटच्या बीटा पेशींच्या गाठीतून १९९२ मध्ये आयएनएस-१ आली, त्याआधी १९९० मध्ये उंदराची मिन-६, आणि २०११ मध्ये माणसाची एन्डोसी-बीटाएच१. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचा साठा आहे आणि तिथून संशोधनासाठी पेशी मिळतात.

पण या पेशी वाढत्या ठेवण्यासाठी त्यांना कर्करोगासारखं वागायला लावलेलं असतं, आणि वाढणारी पेशी हळूहळू आपलं काम विसरते. माझेच तीन महिने यात गेले. एका जुन्या प्रयोगशाळेत मला मिळालेल्या आयएनएस-१ च्या कुपीवर पिढीचा क्रमांक (पेशी किती वेळा नव्या बाटलीत वाटून वाढवल्या तो आकडा) पुसट होता, मी तो ३९ वाचला. माझ्या आकड्यांत ५० मिलिग्रॅम आणि ३०० मिलिग्रॅम यांत काही फरकच येईना. द्रावण बदललं, एलायझाचा संच बदलला, पोषक द्रवात मरकॅप्टोइथॅनॉल हे रसायन घालायचं विसरलं का तेही पाहिलं, कारण आयएनएस-१ ला ते लागतंच. शेवटी जुनी वही उघडली तर क्रमांक होता ८९. पेशी छान वाढत होत्या, इन्सुलिनही सोडत होत्या, फक्त साखर बघून सोडत नव्हत्या. तेव्हापासून कुपीवर क्रमांक आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही लिहिते.

प्राण्यांबाबत एवढंच सांगते. संस्थेची नोंदणी आणि प्राणी-नीती समितीची मंजुरी यांशिवाय एकही उंदीर वापरता येत नाही, आणि किती लागतील त्याचं कारण आधी लिहून द्यावं लागतं.

साखर वाढली हे पेशीला कळतं कसं? आणि ते तुम्हाला दिसतं कसं?

बीएस्सीच्या पोरांचा लाडका प्रश्न. ग्लुकोज आत जातं, जळतं, त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतो. एटीपी वाढला की पेशीच्या आवरणातलं पोटॅशियमचं एक दार बंद होतं. बाहेर जाणारा धन भार आतच अडकतो, आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, तसं कॅल्शियमचं दार उघडतं. कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पुड्या आवरणाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात.

हे दिसण्याच्या दोन वाटा. पहिली पॅच-क्लॅम्प: काचेची अतिबारीक नळी पेशीच्या आवरणावर टेकवून हलकं चोखायचं, की एकेका दारातून जाणारा विद्युतप्रवाह मोजता येतो. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांची ही रीत १९७६ ची, नोबेल १९९१ चं. बीटा पेशीतलं ते पोटॅशियमचं दार १९८४ मध्ये याच रीतीनं सापडलं. दुसरी वाट फ्यूरा-२ या रंगाची, रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेतली. कॅल्शियम वाढलं की पेशीची चमक बदलते, आणि बेटातल्या पेशी बरोबरीनं लुकलुकताना पडद्यावर दिसतात.

याचा घरातल्या गोळीशी संबंध आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही गोळी ते पोटॅशियमचं दार थेट बंद करते, साखर कितीही असली तरी. म्हणून सकाळी गोळी घेतली आणि निंदणाच्या नादात जेवण दोन वाजेपर्यंत लांबलं, तर वावरातच घाम फुटतो, हात थरथरतात. गोळी वाईट नाही. ती पेशीला गप्प बसू देत नाही, म्हणून पोटात भाकर हवी.

"चूहों को डायबिटीज दी" असं वाचलं, ती कशी देतात?

बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन. हे एका मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळतं, ग्लूट-२ नावाच्या वाटेनं बीटा पेशीत शिरतं आणि तिला मारतं. त्यातून बीटा पेशी मेलेला उंदीर मिळतो, आपल्या मामासारखा टाइप-२ नव्हे. औषध आधी आणि स्ट्रेप्टोझोटोसिन नंतर दिलं असेल, तर औषधानं मधुमेह बरा केला की विषालाच अडवलं, हे सांगता येत नाही.

नव्या बीटा पेशी बनवता येत नाहीत का?

येतात. मूळ पेशींना (स्टेम सेल) काही आठवडे ठरावीक क्रमानं संदेश देत बीटा पेशींपर्यंत नेता येतं. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटानं २०१४ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. त्याआधी बनवलेल्या पेशींची तक्रार ओळखीचीच होती: इन्सुलिन होतं, पण साखरेकडे लक्ष नव्हतं.

२०२५ मध्ये अशा पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून दिलेल्या टाइप-१ रुग्णांचे निकाल आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. मात्र शरीरानं त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. "स्टेम सेलनं शुगर गायब" अशी पाटी लावणाऱ्या कुणाकडे वावर विकून जाऊ नका.

आमच्या गावात तर काटकुळ्या मजुरालाही शुगर निघते. ते कसं?

आशाताईंचा प्रश्न, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी असूनही चरबीच्या मानानं कमी नसतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात २०२२ मध्ये कमी वजनाच्या, कुपोषणाशी निगडित मधुमेह असलेल्या लोकांची चाचणी झाली. त्यांच्या अंगात इन्सुलिन लागू पडत होतं, ते स्रवतच कमी होतं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं याला टाइप-५ असं वेगळं नाव दिलं.

गरोदरपणी प्रथिनं कमी मिळालेल्या उंदराच्या पिल्लांत बीटा पेशी कमी निघतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. मेळघाटातल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मग गावातल्या माणसाच्या बीटा पेशी कशा तपासायच्या?

सी-पेप्टाइडनं. पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा एका लांब साखळीतून सी-पेप्टाइडचा तुकडा सुटतो, एका इन्सुलिनमागे एक. बाजारातल्या इन्सुलिनच्या इंजेक्शनात तो नसतो. त्यामुळे रक्तात सी-पेप्टाइड सापडला तर ती त्या माणसाची स्वतःची कमाई. मूत्रपिंड खराब असेल तर आकडा फुगतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

नमुन्याला जपा. रक्तपेशी फुटल्या की त्यांतलं विकर इन्सुलिन खाऊन टाकतं, सी-पेप्टाइड त्या मानानं टिकतो. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत तो खोलीच्या तापमानाला दिवसभर तग धरतो असं छापलेलं आहे. ते वाचून मला हसू येतं, कारण ती खोली कुणाची? मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. एसटीच्या टपावरून नमुना पाठवू नका, बर्फाचा डबा वापरा.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या लोकांसाठी आणखी एक. सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणी फसवते, कारण लाल पेशी लवकर मरतात आणि हिमोग्लोबिनच वेगळं असतं. सी-पेप्टाइडला याची अडचण नाही. डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा.

मला हे काम शिकायचं आहे. सुरुवात कशानं करू?

इंग्रजीची भीती नंतर घालवू, आधी हात. वाटीत पाणी घ्या, त्यात चमचाभर राजगिरा टाका. ड्रॉपरनं एकेक दाणा उचलून दुसऱ्या कोरड्या वाटीत ठेवा, असे पन्नास. मग त्या वाटीत किती पाणी आलं ते बघा. माझ्या बाकावर ते पाणी म्हणजे २०० मिलिग्रॅम साखरेचा पोषक द्रव असतो. तो ५० मिलिग्रॅमच्या नळीत गेला की पहिलाच आकडा खोटा. मला पन्नास दाण्यांमागे चमचाभर पाण्यापर्यंत यायला दोन आठवडे लागले होते.